ताईंची तिसरी परीक्षा

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा ताई भाजलेल्यांच्या वॉर्डात चांगल्या मुरल्या होत्या. ताई म्हणजे माझी थोरली जाऊ. मीही नर्सच, त्याच हॉस्पिटलात, पण त्यांच्याहून तेरा वर्षांनी लहान. घरात त्या मला ‘धाकटे’ म्हणत आणि वॉर्डात ‘सिस्टर’. घरातलं भांडण त्यांनी कधी वॉर्डात आणलं नाही आणि वॉर्डातलं दुखणं कधी घरी नेलं नाही.

भाजलेल्या माणसाची पट्टी बदलणं म्हणजे जिवावरचं काम. पट्टी जखमेला धरलेली असते, जरा ओढली की माणूस कळवळतो. ताई सलाईन ओतून पट्टी भिजवत ठेवायच्या आणि ती सुटेपर्यंत पेशंटशी गप्पा मारायच्या. घरी कोण असतं, सासू कशी आहे, भांडण झालं की आधी कोण बोलतं. बोलता बोलता पट्टी हातात आलेली असायची. एकोणीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं.

परदेशात नर्स हव्यात ही बातमी आमच्या ड्युटीरूममध्ये आली आणि गोवर पसरावा तशी पसरली. कामाचा व्हिसा हवा तर आधी इंग्रजीची परीक्षा. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग. नऊपैकी सात हवेत, लिहिण्यात साडेसहा मिळाले तरी चालतील. मी जरा बिचकतच घरी विषय काढला, तर ताईच पुढे सरसावल्या.

“दोघी जाऊ. तू एकटी गेलीस तर तिकडे भांडायला कुणाला शोधशील?”

आम्ही क्लास लावला. दुपारची सुट्टी मिळाली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तकं मांडायची. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. सगळे तिला बुटकी म्हणायचे. ती टेबलाखाली बसून आमच्या चपला एकमेकींत मिसळून टाकायची. ताईंना मूल नव्हतं. त्यावर घरात कुणी बोलत नसे, आणि त्यांनीही कधी अवाक्षर काढलं नाही. पण बुटकी जन्मल्यापासून तिची अंघोळ ताईंकडेच होती. माझ्या हातून तिच्या डोळ्यांत साबण जातो, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं.

ऐकण्यात ताई माझ्याहून सरस होत्या. बोलण्यात तर बोलूच नका. व्याकरण धाब्यावर बसवून अशा काही बोलायच्या की क्लासचे सर हसत हसत गुण देऊन टाकत. गाडी अडायची ती लिहिण्यापाशी. निबंध अडीचशे शब्दांचा हवा, आणि ताईंचा निबंध दीडशेच्या वर सरकेना.

एकदा विषय होता, वस्तुसंग्रहालयात सर्वांना मोफत प्रवेश असावा का? चाळीस मिनिटांचा वेळ. ताईंनी बाराव्या मिनिटाला पेन खाली ठेवलं.

“झालं?” सरांनी विचारलं.

“झालं. असावा.”

“अहो, पण कारणं? उदाहरणं? दुसरी बाजू?”

“दुसरी बाजू मला पटतच नाही, तर लिहू कशाला?”

वर्गात हशा पिकला. ताईही हसल्या. घरी आल्यावर मात्र त्यांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. “नक्की काय चुकतं गं माझं?”

मी वाचून पाहिलं. चूक अशी नव्हतीच. छोटी छोटी वाक्यं होती, प्रत्येक वाक्य खरं आणि पुरेसं. एकोणीस वर्षं त्यांनी इंग्रजीत केसपेपर लिहिले होते. पेशंट झोपला. ताप उतरला. दूध घेतलं. तिथे जास्तीचा शब्द लिहायला ना जागा, ना वेळ. आता कुणी सांगत होतं की पसरट लिहा, आणि त्यांचा हातच तसा वळत नव्हता.

पहिल्या खेपेला मी पास झाले. ताईंना बाकी तिन्ही भागांत सात, लिहिण्यात सहा. अर्धा गुण कमी. त्यांनी निकालाचा कागद दोनदा वाचला, घडी केली आणि मला म्हणाल्या, “तुझा निकाल लागलाय, तोंड का पाडून बसलीस? हास की.” दुसऱ्या खेपेला त्यांनी मोजून दोनशे साठ शब्द लिहिले. पुन्हा सहा. सर म्हणाले, आता शब्द पुरे आहेत, पण ओढूनताणून आणल्यासारखे वाटतात.

तोवर माझी नेमणुकीची ऑर्डर आली. निघायला दोन महिने होते. सुरुवातीला राहायला वसतिगृहातली एक खोली मिळणार होती, पाळ्या कधी दिवसाच्या कधी रात्रीच्या. आमचे हे चार महिन्यांनी मागून येणार होते. घर मिळून बस्तान बसेपर्यंत बुटकीला नेणं शक्य नव्हतं. ती कुणाकडे राहणार, हे ना मी विचारलं ना कुणी सांगितलं. ताईंनी तिचं अंथरूण आपल्या खोलीत नेलं, इतकंच.

निघण्याच्या दिवशी मी त्यांना म्हटलं, “तिसऱ्यांदा बसा. यायचंच आहे तुम्हाला.”

“बसणार आहे. फॉर्म भरलाय,” त्या म्हणाल्या.

तिकडचे पहिले महिने कसे गेले ते मी कुणाला सांगत नाही. काम जमलं, थंडी सोसली. सोसलं नाही ते एकच. ड्युटीवरून येऊन मी फोन लावायची आणि बुटकी पडद्यावर माझ्याकडे अनोळखी पाहुण्याकडे बघावं तशी बघायची. ताई सांगायच्या, “आई आहे बघ, आईला दात दाखव.” ती दात दाखवायची आणि पळायची. काही दिवसांनी ती मला ‘फोनआई’ म्हणू लागली. नुसती ‘आई’ ताईंसाठी होती. ताई दर वेळी तिला अडवायच्या, “मोठी आई म्हण.” चार दिवस ती तसं म्हणायची, पाचव्या दिवशी पुन्हा मूळपदावर.

तिसऱ्या परीक्षेचा निकाल मी फोनवरच विचारला.

“सहाच,” ताई म्हणाल्या. “आता पुरे गं. माझ्या हाताला ते वळण नाही.”

मी खूप समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बुटकीला खोकला झाल्याचं सांगायला लागल्या.

दीड वर्षाने आम्हाला दोन खोल्यांचं घर मिळालं, मुलीचे कागद झाले, आणि मी तिला न्यायला आले. त्याच्या तीन महिने आधी मी ताईंना सांगून ठेवलं होतं की तिकडे पाळणाघरात हिला मराठी समजणारं कुणी नसेल. तेव्हा ताईंनी तिला इंग्रजी शिकवायला घेतलं. मी घरात पाऊल टाकलं तेव्हा दोघी त्याच टेबलाशी बसल्या होत्या. बुटकी आता साडेचार वर्षांची होती. ताई विचारत होत्या आणि ती घडाघडा उत्तरं देत होती. पाणी हवंय. बाथरूमला जायचंय. इथे दुखतंय. कमी दुखतंय. आता बरं वाटतंय. अर्धी शिकवणी दुखण्याचीच होती. ताईंना जे इंग्रजी येत होतं, तेच त्यांनी दिलं होतं.

मी हात पुढे केले. बुटकी ताईंच्या मागे गेली आणि तिथूनच इंग्रजीत म्हणाली, “गुड आफ्टरनून, मॅडम.”

ताई खळखळून हसल्या, मीही हसले. मग मी हातपाय धुवायला गेले आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिले.

तीन आठवडे होते माझ्याकडे. ताईंनी हळूहळू एकेक काम माझ्या हाती दिलं. आधी वेणी, मग जेवण, मग अंघोळ. बुटकी रडली तर त्या उठून दुसऱ्या खोलीत जायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. पट्टी भिजवत ठेवायची तसंच हे, एवढं मला कळत होतं. फक्त या वेळी गप्पा मारायला त्या जवळ थांबत नव्हत्या.

एका सकाळी भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर, चहा पीत बसले होते. मी सहज म्हटलं, “ताईंना अजून एकदा बसवा ना परीक्षेला. लागोपाठ तीनदा सहा म्हणजे नशीबच वाईट.”

“तीनदा कुठे?” ते म्हणाले. “तिसऱ्यांदा बसलीच नाही ती. मी स्कूटरवरून गेटापाशी सोडलं, चहा घेऊन परत आलो, तर ही बाहेर पायरीवर. म्हणाली, घरी चला, पोरगी उठली असेल.”

मी तशीच ताईंकडे गेले. त्या बुटकीच्या कपड्यांच्या घड्या करत होत्या. लहान झालेले एकीकडे, न्यायचे दुसरीकडे.

“ताई, तुम्ही परीक्षेला बसलाच नाहीत?”

त्यांनी वर पाहिलं नाही. “सांगितलं वाटतं यांनी. यांच्या तोंडात तीळ म्हणून भिजत नाही.”

“मग खोटं कशाला बोललात?”

“नापास झाले म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत.”

“माझ्यासाठी केलंत ना? बुटकीला सांभाळायला कुणी राहणार नाही म्हणून?”

आता मात्र त्यांनी हातातला फ्रॉक खाली ठेवला.

“तुझ्यासाठी कसलं, धाकटे. त्या वेळी माझा निबंध जमला होता. आठवडाभर घरी लिहून बघत होते, सरांनीही मान डोलावली होती. गेटापाशी उभी राहिले आणि वाटलं, आज पास झाले तर? कागद होतील, ऑर्डर येईल, सहा महिन्यांत निघावं लागेल. हिच्याजवळ सहाच महिने. नापास झाले तर तू येईपर्यंत ही माझी. मला ती हवी होती गं. बाकी काही नाही.”

मला काय वाटलं ते खरं सांगते. आधी राग आला. मी तिकडे उशीत तोंड खुपसून रडत होते, आणि इकडे माझं मूल आणखी थोडे दिवस मिळावं म्हणून कुणीतरी हिशेब करत होतं. मग लाज वाटली, कारण ते मूल त्यांच्या हाती देताना मीही हिशेबच केला होता, आणि तो चोख जमला होता. दोन्ही मनात तशीच राहिली. मी त्यांच्या समोर बसले आणि उरलेल्या कपड्यांच्या घड्या करू लागले. मोज्यांची जोडी लागत नव्हती, ती दोघींनी मिळून शोधली.

निघायच्या दिवशी ताईंनी ड्युटी लावून घेतली. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. सकाळी युनिफॉर्म घालून त्यांनी बुटकीच्या बुटांची नाडी बांधली. “विमानात कानात दडे बसले तर आवंढा गिळायचा,” एवढं सांगितलं आणि रोजच्यासारख्या बाहेर पडल्या. बुटकीनेही रोजच्यासारखा हात हलवला. मोठी आई ड्युटीवरून थेट विमानतळावर येईल, असं तिने मनाशी धरलं होतं. तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि येणार नाही, हेही कुणी सांगितलं नव्हतं. विमानाचं दार लागलं तेव्हा तिने मला विचारलं, आणि मी उत्तर दिलं. ते उत्तर ऐकून ती जे रडली, ते शेजारच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाई उठून तिचे पाय चोळत बसेपर्यंत.

पहिले दोन महिने ती माझ्याशी हट्टाने इंग्रजीतच बोलली. त्यानंतर एका संध्याकाळी खेळता खेळता मला ‘आई’ म्हणून गेली. मी स्वयंपाकघरात होते. मी ओ दिली. हे ताईंना सांगावं की नाही, ते मला ठरवता आलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

आता ती सात वर्षांची आहे. ताई वॉर्डाच्या इन्चार्ज झाल्या. परीक्षेचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. दर रविवारी त्यांचा फोन येतो. आधी बुटकी तासभर बोलायची, मग दहा मिनिटं, मग हाक मारून मारून आणावं लागायचं.

गेल्या रविवारी मी तीनदा बोलावलं. ती शेजारच्या मैत्रिणीबरोबर बाहेरच्या खोलीत काहीतरी कापत, चिकटवत बसली होती. “नंतर,” म्हणाली. मी दार लावून घेतलं आणि फोन कानाला लावला.

“झोपलीय हो, ताई.”

आमच्याकडे सकाळचे अकरा वाजले होते, आणि इकडचे किती वाजलेत हे ताईंना घड्याळ न बघता कळतं. दाराआडून बुटकीच्या हसण्याचा आवाज येत होता. मी दाराला पाठ लावून उभी राहिले, पण तो काही थांबला नाही.

“बरं,” ताई म्हणाल्या. “झोपू दे तिला. उठवू नकोस.”