बुटातल्या पैशांनी वाचवलेली दाढ

मी दाढ बोलतेय. लोर्ना प्रॅटरच्या खालच्या जबड्यातली, डाव्या बाजूची. बोलायची सवय मला नाही, तोंडात राहून ऐकायची आहे. पण जे ऐकलं त्यातून मी अजून सावरलेली नाही, म्हणून बोलतेय.

लोर्ना सहा वर्षांची असताना मी आले. तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. पडलेला दात ती उशीखाली ठेवायची आणि तिची आई ओपल तो काढून तिथे नाणं ठेवायची, परी ठेवून गेली म्हणायची. पडलेल्या दाताला पैसे! मला वाटलं, काय मानाच्या घरात आलोय आपण! पक्क्या दातांचं गणित उलटं असतं, हे कळायला मला चाळीस वर्षं लागली.

तोवर मी इमानेइतबारे राबले. आमच्या अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात जे शिजतं ते सगळं चावलं. उजवीकडच्या दाढा एकेक करून गेल्या तसं त्यांचंही काम माझ्यावर आलं. मी गेले की लोर्नाचं चावणं संपलं, हे तिलाही ठाऊक होतं नि मलाही.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मुळाशी पू झाला. गाल टम्म सुजला. लोर्ना वृद्धाश्रमात चादरी धुते, तिथून तिला विमा आहे. ते कार्ड घेऊन ती ऐटीत दातांच्या दवाखान्यात गेली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "यात दात येत नाहीत हो."

"येत नाहीत म्हणजे? हृदय येतं, गुडघा येतो, पायाचं बोट येतं. तोंड काय माझ्या शेजाऱ्याचं आहे?"

मुलगी कसनुशी हसली. रूट कॅनलचे चौदाशे डॉलर होतील म्हणाली. महिनाभर चादरी धुऊन लोर्नाच्या हातात याहून थोडेच जास्त पडतात. आणि नुसतं उपटायचं तर? दोनशेच्या आत. अरे, हा कुठला न्याय? मारायचे दोनशे आणि जगवायचे चौदाशे!

"टाक उपटून," घरी आल्यावर आई, ओपल, म्हणाली. "माझे तर लग्नाआधीच सगळे काढवले होते बापानं. नवऱ्याला पुढे खर्च नको म्हणून. नवी कोरी कवळी घालून उभी राहिले लग्नाला."

आणि हे ती अभिमानानं सांगत होती!

लोर्नाचा भाऊ वेंडल त्याहून वस्ताद. त्यानं माशांच्या टाकीत घालायच्या, चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अँटिबायोटिक गोळ्या आणून दिल्या. "औषध तेच गं, फक्त डबीवर मासा आहे."

"पोहायला लागले तर कळवते," लोर्ना म्हणाली आणि खरंच चार दिवस घेतल्या की हो तिनं! दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नंतर तिला चांगलंच झापलं. दुखणं होतं तिथेच होतं.

मग वेंडलनं परस्पर एक गोष्ट ठरवली. आमच्याकडे कुणाचं घर जळलं, कुणाला कॅन्सर झाला, की आगीच्या बंबांच्या शेडमध्ये गावजेवण होतं. उकडलेला घेवडा, मक्याचा पाव, कांदा. जेवून जाताना लोक बंबवाल्यांच्या रबरी बुटात पैसे टाकतात. वेंडलनं रस्त्यावरच्या पाटीवर अक्षरं लावली : शनिवारी जेवण, लोर्नाच्या दाढेसाठी. अगं बाई! माझं नाव भर रस्त्यावर! लोर्ना लाजेनं गाडीतून उतरेना.

पण लोक आले. जेरी कोल आला. खाणीत फुप्फुसं घालवून बसलेला म्हातारा, ऑक्सिजनचं नळकांडं ओढत आला. बुटात नोट टाकून म्हणाला, "पोरी, तुझ्या मेल्या दाढेपायी दोनदा घेवडा खाल्ला मी. आता ती टिकव."

चौदाशे जमले. डॉक्टरीणबाईंनी माझी नस काढली, मुळं साफ करून भरली. दुखणं थांबलं. मग त्या म्हणाल्या, "आता महिन्याभरात वर कॅप बसवा. नाहीतर ही पोकळ दाढ चिरेल. तेराशे होतील."

अहो, हे आधी कुणी नीट सांगाल की नाही? लोर्ना तर खुर्चीतून उठेचना.

आता पैसे मागायचे कुणाकडे? एका दुखण्याला एकच जेवण, हा आमचा न लिहिलेला नियम. लोर्ना मेली असती पण पुन्हा बूट फिरवला नसता. पगारातून जास्तीचा कापलेला टॅक्स फेब्रुवारीत परत मिळतो, तेव्हा कॅप बसवू, असं तिनं ठरवलं. कुणाला काही बोलली नाही. दुकानात, चर्चमध्ये जो तो विचारी, "दाढ काय म्हणतेय?" आणि ती म्हणे, "ठणठणीत!" घरी मात्र मऊ भात कालवून खायची.

नाताळच्या आधी जेरी दारात आला. धापा टाकत, हातात अक्रोडाच्या वड्यांचा डबा. "स्वतः केल्यात. खा ना. आमच्या दाढेनं खाऊन दाखव!"

नको गं लोर्ना, नको! पुढच्या दातांनी कुरतड, काहीही कर! पण बुटात पैसे टाकणारा माणूस समोर उभा. तिनं वडी सरळ माझ्यावर ठेवली आणि चावली. वडीत टरफलाचा तुकडा होता. मी उभी चिरले, पार मुळापर्यंत.

लोर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं घास गिळला आणि म्हणाली, "जेरी, काय मस्त झाल्यात रे!"

जेरी किती खूश झाला म्हणून सांगू!

गावात बभ्रा नको म्हणून ती पलीकडच्या जिल्ह्यात गेली. तिथला डॉक्टर म्हणाला, "आता काढावीच लागेल. एकशे नव्वद."

"एवढेच?" लोर्ना चक्क हसली. "मग काढा. हे मला परवडतं."

चाळीस वर्षं मी तिचं खाणं चावलं. तिच्या तोंडचं ते हसू ऐकून मला जो धक्का बसला, तो चिमट्याचाही बसला नाही.

आता मी तिच्या स्वयंपाकघरातल्या खणात आहे, कापसात गुंडाळलेली, दोन तुकड्यांत. लोर्ना सफरचंद किसून खाते. बाहेर कुणी विचारलं की अजून "ठणठणीत!" म्हणते. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कधी आमच्या गावावरून गेलात आणि जेरीनं माझी चौकशी केली, तर मी तिच्या तोंडातच आहे असं सांगा.