पाय टेकायचा ठोकळा

प्रदर्शनाचं नाव होतं ‘फुलं, घोडागाड्या आणि स्त्री’. या तिघांचा एकमेकांशी संबंध काय, हे समितीतल्या पाच पुरुषांनी चार बैठका घेऊन ठरवलं होतं. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं. जुन्या गाड्या एका संग्राहकाने दिल्या. खरे घोडे खातात फार, म्हणून शेवंतीचे उभे केले.

सात नंबरची गाडी सजवायला एका फुलवालीकडे आली. तिचं हे पहिलंच मोठं काम. बक्षीस मिळालं तर पुढच्या वर्षीचं अख्खं प्रदर्शन तिचं. तिने मागच्या गादीवर गुलाबांच्या झग्यातली बाहुली बसवली आणि पुढे, कपड्यांच्या दुकानातला पुतळा आणून केलेला, भरघोस मिशांचा गाडीवान. पाय ठेवायच्या फळीवर कुणीतरी लाकडी ठोकळा ठोकला होता. त्यामुळे गाडीवानाचे बूट बसेनात. तिने ठोकळा उचकटला आणि एका डुगडुगत्या कुंडीखाली सारला.

परीक्षक यायला दहा मिनिटं असताना तिच्या सासूबाई आल्या. बुटक्याशा. फुलांकडे बघितलंसुद्धा नाही. वाकून फळीवर हात फिरवत राहिल्या. बोट खिळ्यांच्या भोकांवर थांबलं.

“माझा ठोकळा कुठं गेला गं?”

“तुमचा?”

“मग? पाय पोचायचे नाहीत माझे. मीच ठोकला होता. गाडी विकली तेव्हा तसाच राहिला.”

“आई, तुम्ही घोडागाडी चालवायचात?”

“नाहीतर काय, ओढायची? तुझ्या सासऱ्यांनी अंथरूण धरलं तेव्हा तुझा नवरा पोटात होता. अकरा वर्षं शाळेची पोरं नेली-आणली.”

“कधी बोलला नाहीत!”

“तुझ्या नवऱ्याला मित्रांत लाज वाटायची. लहान होता. मोठा झाल्यावर विसरून गेला. मग मीही कशाला उकरून काढू?”

त्यांनी मिशाळ गाडीवानाकडे नीट बघितलं. “लगाम असा धरतात? कपडे वाळत घालायची दोरी आहे का ती? असो. येते मी. फुलं छान झालीत.”

पंधरा वर्षांत सासूबाईंनी सुनेच्या कशालाही छान म्हटलं नव्हतं.

“आई, थांबा!”

तिने कुंडीखालचा ठोकळा ओढला. कुंडी आडवी झाली. गाडीवानाला कमरेत धरून खाली उतरवलं आणि ठोकळा जागच्या जागी ठोकायला घेतला. समितीचे चिटणीस धावत आले.

“अहो बाई, सजावटीची यादी दिल्यावर बदल केला की गाडी स्पर्धेतून बाद! यादीत स्पष्ट लिहिलंय, गाडीवान एक.”

“एकच आहे,” हातोडी न थांबवता ती म्हणाली. “खोटा उतरवला, खरा चढतोय. आई, हात द्या.”

सासूबाई चढल्या. पाय ठोकळ्यावर अचूक टेकले. लगाम हातात घेऊन त्यांनी जिभेने टक् केलं. शेवंतीचा घोडा हलला नाही, पण चिटणीस बाजूला झाले.

गाडी नियमाप्रमाणे बाद झाली. बक्षीस चार नंबरला गेलं.

संध्याकाळी मांडव रिकामा झाला तरी सासूबाई वरच.

“आई, उतरा आता.”

“उतरते. तू चढ आधी. मागे नको, तिथे ती झगेवाली आहे. इथे, माझ्याशेजारी.”

सून चांगली उंच. ठोकळ्यावर पाय ठेवल्यावर तिचे गुडघे हनुवटीला टेकले. तशीच बसून राहिली.