बेलखोच्या तळ्याचा काठ

श्रीपाद टेंबे बेलखोच्या जंगलात एकोणीस वर्षं नोकरीला होते. लश्कर शहरापासून सोळा मैलांवरचं हे रान पूर्वी दरबारच्या शिकारीसाठी राखलेलं होतं. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला, रान सरकारी झालं, आणि श्रीपाद तिथेच राहिले. पुढे रेंजरची जागा रिकामी पडली तेव्हा काम त्यांच्याकडे आलं आणि चार वर्षं त्यांनी ते नीट सांभाळलं. मग छप्पन सालच्या नोव्हेंबरात मध्यभारतही संपला. नवा मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, चार ठिकाणचे नोकर एका यादीत आले आणि त्या यादीत श्रीपाद खाली सरकले. रेंजर म्हणून नागपूरकडचे गोपाळकृष्ण देवपुजारी आले. श्रीपाद त्यांचे डेप्युटी झाले.

देवपुजारींनाही इथे यायचं नव्हतं. नागपूर मुंबई राज्यात गेलं, म्हातारे आईवडील तिकडे राहिले आणि यांचं नाव मात्र मध्यप्रदेशाच्या वाट्याला आलं. वय चौतीस, शिक्षण पुण्याचं, आजवरची नोकरी बालाघाटच्या घनदाट रानात. पहिल्या दिवशी जीपमधून उतरून त्यांनी खैराची आणि करधईची बुटकी झाडी पाहिली आणि याला तुम्ही लोक जंगल म्हणता का, असं विचारलं. दुसऱ्या दिवशी रस्त्याबद्दल सांगताना श्रीपाद म्हणाले की रात्री पाणी पडलं, गाडी पुढे जायची नाही. देवपुजारी नाकेदारांच्या, म्हणजे वनरक्षकांच्या, देखत म्हणाले, "पाणी नव्हे टेंबे, पाऊस. मराठी कुठं शिकलात?"

श्रीपादांचे पणजोबा दक्षिणेतून फौजेबरोबर इकडे आले होते, पूजेअर्चेला. घरात शंभर वर्षं मराठी बोलली जात होती. त्या दिवसापासून श्रीपाद साहेबांशी हिंदीत बोलू लागले.

डिसेंबरात भोपाळहून हुकूम आला. राखीव रानं आता लोकांची आहेत, हिवाळ्यात सहलीसाठी ती उघडावीत, आणि पहिला दिवस संक्रांतीच्या आदल्या रविवारचा असावा. देवपुजारींना हे काम मनापासून आवडलं. जागा ठरवायला ते श्रीपाद आणि नाकेदार गोविंद यांना घेऊन तळ्यावर गेले. पश्चिमेकडचं पाणी हिवाळ्यात मागे हटतं. मागे राहिलेल्या गाळावर कोरडी पापडी धरते, वर कोवळं गवत येतं, सकाळी पहिलं ऊन तिथेच पडतं. लांबून पाहिलं तर खेळाचं मैदानच. देवपुजारी काठावर उभे राहून म्हणाले की सतरंज्या इथे, चुली तिकडे झाडाखाली.

श्रीपादांनी तोंड उघडलं होतं. "साहब, वह जगह" एवढंच ते म्हणाले.

देवपुजारींनी हात वर केला. "टेंबे, इथं आल्यापासून ही जागा नको, ती वाट नको, हेच ऐकतोय. तुमचा दरबार गेला. आता लोक येणार. विचारीन तेव्हा सांगा."

त्या पापडीखाली कमरेएवढा चिखल होता. दोन वर्षांपूर्वी एक रोझ, नीलगाईचं जनावर, तिथे अडकून मेलं होतं, आणि ते ओढून काढायला श्रीपाद आणि गोविंदच गेले होते. परतताना गोविंद मागे रेंगाळला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "साहब को मैं बता दूँ?"

"तुमसे पूछा है?" श्रीपाद म्हणाले. "नहीं ना. तो चुप रहो."

फाटकावर लावायच्या पाटीचा मसुदा देवपुजारींनी त्यांनाच करायला सांगितला. श्रीपादांनी अकरा सूचना लिहिल्या. बंदूक आणू नये, चूल आखून दिलेल्या जागीच पेटवावी, तळ्यात भांडी घासू नयेत, धुकं विरेपर्यंत नावेत बसू नये, पाच वाजता रान सोडावं, बिबट्याचा वावर असल्याने एकट्याने हिंडू नये. काठाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. घरी, लश्करमधल्या शिंदे की छावनी या वस्तीत, त्यांनी पत्नी राजलक्ष्मीला हे सगळं सांगितलं, आणि सांगताना त्यांना बरं वाटत होतं. साहेब एकदा स्वतःच त्यात पाय घालतील, बूट गमावतील, लोक हसतील, एवढंच त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. राजलक्ष्मीबाईंनी विचारलं, आणि दुसरं कोणी गेलं तर? ते म्हणाले, सगळे चुलींपाशीच बसून राहतात. हे ऐकून झालेला तिचा चेहरा त्यांना आवडला नाही.

रविवारी लश्करकडच्या पडाव या बसअड्ड्यावरून दोन बसगाड्या भरून आल्या. दहा वाजेपर्यंत धुकं हललं नाही. श्रीपाद फाटकावर तिकिटं फाडत होते. लोक शालींत गुरफटलेले, हातात डबे, गजकेचे, म्हणजे तिळाच्या मिठाईचे, पुडे. दुसऱ्या बसमध्ये छावनीतलं महिला मंडळ होतं. भोगीचा दिवस म्हणून त्यांनी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या आणल्या होत्या. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या शालिनीताई मुजुमदार खिडकीतून त्यांच्याशी बोलल्या. राजलक्ष्मी का नाही आली, असं त्यांनी विचारलं. श्रीपाद म्हणाले, तिला सर्दी झाली आहे. राजलक्ष्मीला सर्दी झालेली नव्हती. त्यांनीच तिला येऊ नको म्हटलं होतं.

बस आत गेली तेव्हा आपण तिला का अडवलं, हा विचार त्यांच्या मनात आला. ते तासभर खुर्चीवर बसून राहिले. दोनदा उठले. फाटकापासून तळं दोन मैल. सायकल भिंतीला टेकलेली होती. पण आता जाऊन काय सांगायचं, आणि त्या माणसापुढे कोणत्या तोंडाने, असं करत ते पुन्हा बसले.

अकराच्या सुमाराला गोविंद सायकलवरून धापा टाकत आला.

शालिनीताई आणि शामला नावाची एक तरुण बाई पाण्यातले सारस जवळून बघायला गेल्या होत्या. गवतावर चाळीस पावलं गेल्यावर पापडी फुटली. शालिनीताई कमरेपर्यंत गेल्या. शामला त्यांना ओढायला गेली आणि गुडघ्यापर्यंत रुतली. तिला लोकांनी लुगडी बांधून मागे खेचलं. मग देवपुजारी धावले आणि तेही मांड्यांपर्यंत गेले.

श्रीपाद तळ्यावर पोहोचले तेव्हा शालिनीताईंचा आवाज बंद झाला होता. थंडीने ओठ काळे पडले होते. श्रीपादांनी कोणाला काही विचारलं नाही. गोविंदला घेऊन काठाजवळच्या दरबारी शिकारघरातल्या दोन खाटा आणल्या, एकापुढे एक अशा चिखलावर टाकल्या आणि पोटावर सरपटत ते शालिनीताईंपर्यंत गेले. बाईंचा उजवा पाय तळाशी गाडलेल्या एका खोडात अडकून मुरगळला होता. हाताने गाळ उपसत, खांद्यापर्यंत आत जात, पाय सोडवायला पाऊण तास गेला. पाय सुटला तेव्हा त्या एकदाच ओरडल्या. हाड मोडलं होतं. त्यांना काठावर आणून श्रीपाद पुन्हा खाटांवरून गेले आणि देवपुजारींना हात दिला. देवपुजारींनी तो धरला.

एक बस शालिनीताईंना आणि गोविंदला घेऊन लश्करला गेली, दुसरी बाकीच्यांना घेऊन मागोमाग निघाली. काठावर दोघंच उरले, दोघंही छातीपर्यंत चिखलाने माखलेले आणि थंडीने थरथरणारे. देवपुजारी त्या खाटांकडे बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं," ते म्हणाले.

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाही," श्रीपाद मराठीतच म्हणाले. हे वाक्य त्यांनी महिनाभर मनात घोळवलेलं होतं. ते तोंडातून निघालं आणि त्यांना शिसारी आली. देवपुजारी जीपमध्ये जाऊन बसले आणि त्यांना तिथेच टाकून गेले.

साहेब अहवालात सगळा दोष आपल्यावर ढकलतील, असं श्रीपादांना वाटत होतं. तसं झालं असतं तर ते लढले असते. पण अहवाल त्यांच्या हातात आला तेव्हा त्यात लिहिलं होतं की जागा मी निवडली, डेप्युटी काही सांगू पाहत असता मी त्यांना थांबवलं, ही माझी चूक. त्याखाली लिहिलं होतं की धोक्याची पूर्ण माहिती असूनही डेप्युटींनी ती पाटीवर लिहिली नाही, नंतरही कळवली नाही. एक शब्द खोटा नव्हता. श्रीपादांनी सही केली. आपल्या जबाबात त्यांनी एवढंच लिहिलं की नाकेदार गोविंद सांगणार होता, मी त्याला गप्प केलं. गोविंदची नोकरी वाचली. त्यानंतर तो श्रीपादांना सलाम करायचा, पण बोलायचा नाही.

दहा दिवसांनी ते इस्पितळात गेले. राजलक्ष्मी रोज जात होती. त्यांच्याबरोबर मात्र ती आली नाही. शालिनीताईंचा पाय प्लास्टरमध्ये होता, आणि तो आता आखूड राहणार असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शालिनीताईंनी श्रीपादांना बसायला सांगितलं, जीव वाचवला म्हणून आभार मानू लागल्या. श्रीपादांनी त्यांना थांबवलं आणि जे होतं ते सांगितलं.

त्यांनी प्लास्टरवरची चादर सरळ केली. मग म्हणाल्या, "मी फाटकावर तुमच्याशी बोलले होते."

"हो."

"तेव्हाही माहीत होतं."

"हो."

"तुम्ही जा आता, श्रीपादराव. राजलक्ष्मीला येऊ दे. तुम्ही पुन्हा येऊ नका."

ते उठले. मागच्या जिन्याने खाली उतरले.

फेब्रुवारीत त्यांची श्योपूरकडे एका लाकूड डेपोवर बदली झाली. बेलखो त्या हिवाळ्यापुरतं बंद करण्यात आलं. कामाचा ताबा देण्याच्या दिवशी देवपुजारी टेबलामागे बसून होते. श्रीपाद माफीचे दोन शब्द जुळवून आले होते. पहिलाच शब्द ऐकून देवपुजारींनी मान हलवली.

"मला तुमची माफी नको. बाईंना हवी असती तर त्यांनी घेतली असती." त्यांनी रानाचा नकाशा टेबलावर पसरला. "अशा अजून किती जागा आहेत, ते सांगा. हे मी विचारतो आहे."

श्रीपाद दोन दिवस त्या खोलीत बसले. उताराची भुसभुशीत कड, गवताने झाकलेली पडकी विहीर, हाकाऱ्यांसाठी खणलेले खड्डे, धुक्यात फसवणारं नाल्याचं वळण, पावसाळ्यानंतर मधमाश्या उठतात तो कडा. प्रत्येक जागा नकाशावर दाखवली, मोठ्या अक्षरांत लिहिली. देवपुजारी बारीक प्रश्न विचारत. किती पावलं, कोणत्या महिन्यात, ओळखायचं कशावरून. एकदा ते स्वतः बघायला गेले, परत आले आणि जागा तीस पावलं चुकली आहे म्हणाले. श्रीपादांनी खोडून दुरुस्त केलं. दोन दिवसांत कामाबाहेरचं एकही वाक्य झालं नाही. चहा आला तो प्रत्येकाने आपापल्या टेबलावर प्यायला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सत्तावीस जागा झाल्या. देवपुजारींनी कागद मोजून घेतले आणि अजून काही राहिलं का, असं विचारलं. श्रीपादांनी नीट आठवून पाहिलं आणि नाही म्हणाले. देवपुजारींनी पुन्हा नकाशावर मान घातली. श्रीपाद टोपी घेऊन बाहेर पडले.

राजलक्ष्मीने सामान बांधून ठेवलं होतं, पण तिने आपली पेटी त्यात घातली नव्हती. शालिनीताई चालायला लागेपर्यंत मी इथेच राहते, असं तिने सांगितलं. श्रीपाद सकाळच्या बसने एकटेच श्योपूरला गेले.