चालण्याची परीक्षा

साहेब, धाप लागलेल्या माणसांना तुम्ही खोटी धाप लावायला शिकवलंत. नियम तुमचाच: चाचणीत जो भराभर चालेल तो बरा झाला, तुमच्या दवाखान्याच्या व्यायामवर्गातली त्याची जागा गेली. अहो, ती फुप्फुसं आहेत, मोडलेलं हाड नव्हे, की एकदा सांधलं आणि झालं! व्यायाम सुटला की माणूस पुन्हा खाटेला खिळतो.

रंगाऱ्याला हे पुरतं ठाऊक होतं. गाड्यांवर रंगाचे फवारे मारता मारता त्याच्या छातीची वाट लागली होती. या वर्गात आल्यापासून तो आपली आंघोळ आपण करू लागला होता. बायकोकडून पाठ चोळून घेताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ते त्याला पुन्हा नको होतं.

"आज चाचणीत जरा रडतखडत चाला," बायको दारातच कुजबुजली. "घरी काम सांगितलं की कसा लगेच दम लागतो तुम्हाला! अगदी तस्संच."

"गप गं, ताई ऐकतील."

व्यायाम घेणाऱ्या ताईंनी त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. "चला काका."

लांबलचक व्हरांड्यात रंगारी निघाला. पण पाय ऐकेनात, सवयीने पुढेच पळू लागले. गेली जागा! वळताना त्याने श्वास कोंडून धरला. चेहरा लालबुंद झाला की काम फत्ते, असं त्याला वाटलं.

कोंडलेला श्वास सुटेचना. छातीत हवा गच्च, बाहेर पडायला वाट नाही. भिंत कलली. नखं निळी पडली.

"अहो!" बायको धावली.

ताईंनी त्याला खुर्चीत पुढे वाकवून बसवलं. "काका, माझ्याकडे बघा. ओठांचा चंबू करा. फुंकर... हळू... अजून." चिमट्यावरचा आकडा खाली खाली गेला, थबकला. कितीतरी वेळाने वर सरकला.

तेवढ्यात तुम्ही आलात, साहेब. त्याच्याकडे पाहून ताईंना म्हणालात, "यांना व्यायाम झेपत नाही. जागा रिकामी करा."

"झेपतो हो साहेब!" बायको कळवळली. "सोंग होतं ते. मीच सांगितलं होतं."

"सोंग? म्हणजे बरे आहेत. तरीही रिकामी करा."

तुम्ही वळलात. रंगारी खुर्चीचा हात धरून उठला आणि तुमच्या वाटेत उभा राहिला.

"झेपलं... तरी बाहेर. नाही झेपलं... तरी बाहेर." शब्दागणिक तो फुंकर घालत होता. "मग साहेब, आत राहायचं तर... माणसानं नेमकं किती मेलेलं असावं? असं नाही जायचं. बोला!"