उष्टं न टाकणाऱ्यांची नाली

नालीला वास कशाकशाचा येतो ते मला विचारा. वर आंबलेल्या वरणाचा. त्याखाली ओल्या लोकरीचा, म्हणजे पावसात भिजलेली मेंढी कुणी नाकाशी धरावी तसा. आणि अगदी तळाशी जो असतो त्याला मराठीत शब्द नाही. मी आठवीत आहे आणि निबंधात वर्गात पहिली आहे, तरी मला सापडला नाही.

ही नाली आमच्या एकट्याची नव्हती. जिंतूरच्या बाजारगल्लीत आमची खानावळ, आणि शेजारीच सटवाजीमामाचं घोंगड्यांचं दुकान, मागं त्याचा माग. दोन्हीकडच्या मोऱ्यांचं पाणी मधल्या बोळातल्या एकाच नालीत पडायचं आणि रस्त्याच्या गटारीला मिळायचं. म्हणजे मिळायला पाहिजे होतं. दर आठ-दहा दिवसांनी नाली तुंबायची आणि काळं पाणी आमच्याच मोरीतून उलटं वर यायचं, बुडबुडे काढत, ढेकर दिल्यासारखं. त्यात भाताची फुगलेली शितं आणि पांढऱ्या अळ्या एकत्र तरंगायच्या. कोणतं शीत आणि कोणती अळी, हे हललं की कळायचं.

येलदरीला धरणाचं काम निघाल्यापासून आमच्याकडं पंगती वाढल्या होत्या. एके दिवशी धरणावरचे एक मोजणीवाले साहेब जेवता जेवता थांबले, नाकाला रुमाल लावला आणि भरलं ताट सारून उठून गेले. माझ्या वडलांना, अप्पांना, ते फार लागलं. आम्ही लिंगायत. आमच्यात ताटात शीत ठेवत नाहीत. जेवण झालं की ताटात पाणी घालायचं, बोटानं ताट निपटायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. अन्न म्हणजे प्रसाद. नालीच्या भांडणात अप्पांची सगळी भिस्त ह्या पाण्यावर होती.

"आमी ताट धुऊन पितो, सटवाजी! आमचं नालीत जाईलच काय? तुझी खळ जाती. चिकटून बसती डिंकासारखी."

खळ म्हणजे चिंचोके शिजवून केलेली पेज. घोंगडीच्या ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, ती लावतात, म्हणजे धागा ताठ होतो.

"तुमी पिता हो, गुरुपादअप्पा," सटवाजीमामा म्हणायचा. "पर ते धरणावरले मिशीवाले बी पितेत का?"

आतून त्याची बायको कासामामी ओरडायची, "ताट धुऊन पितेत म्हनं! मग नाली बी घ्या की पिऊन!"

म्युनिसिपालटीचा माणूस यायचा, रस्त्याकडून बांबू ढोसायचा आणि बोळ तुमचा खाजगी म्हणून निघून जायचा. पाणी आठवडाभर वाहायचं आणि पुन्हा ढेकर.

शेवटी एका शनिवारी अप्पा म्हणाले, "गंगम्मा एकटीनं किती उपसावं? सोमवारपासून चन्नी घरी ऱ्हाईल. खरकटं पानी बादलीनं गावाबाहेर नेऊन टाकील. नाली सुधारली की बघू शाळंचं."

बघू! आमच्या वर्गातल्या दोन पोरी असल्याच 'बघू'त गेल्या होत्या. एकीचं लग्न झालं, दुसरी शेळ्यांमागं हिंडायलीय. गंगम्मा म्हणजे माझी अव्वा, आई. मी तिच्याकडं पाहिलं. ती मोरीतलं काळं पाणी उपसत राहिली.

मी मनाशी ठरवलं, हे प्रकरण पुराव्यानिशी मिटवायचं. खळ काढून चारचौघांत दाखवायची, म्हणजे नाली साफ ठेवणं सटवाजीमामाच्या गळ्यात पडेल आणि मी सुटेन.

रविवारी पंगतीच्या आधी मी परकर खोचला, बोळात शिरले आणि पहारीनं नालीवरची शहाबादी फरशी उचकटली. झाकण निघताच जो भपका आला त्यानं डोळ्यांतून पाणीच आलं. फरशीच्या पोटाला गोगलगाई चिकटल्या होत्या, एकीवर एक. मी तोंड फिरवलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. आत कोमट होतं. गार असेल असं मला वाटलं होतं, पण कोमट होतं, आणि बोटांमधून काहीतरी वळवळत निघून गेलं.

"चन्ने! हात काढ!" अप्पा खानावळीच्या दारातून ओरडले. "लोक बघायलेत!"

"बघू द्या की," मामाच्या मागोमाग बोळात आलेली कासामामी म्हणाली. "रोज कायक कायक म्हनता, काम हीच पूजा म्हनता. पोरगी पूजा करायलीय तर वरडायलाव कशाला?"

बोटांना एक गोळा लागला. ओढला, हलेना. पहारीनं ठोकला, पुन्हा ओढला, तेव्हा भोपळ्याएवढा गोळा भसकन बाहेर आला आणि माझ्या परकरावर काळ्या पाण्याची धार उडाली. ओठांवरसुद्धा. ती चव मी लिहिणार नाही.

"ही बघा लोकर!" मी गोळा वर धरून ओरडले. वरून तो सगळा केसाळ होता, बुळबुळीत, मेलेल्या घुशीसारखा. "आता बोला, मामा!"

आणि तेवढ्यात त्याचा तुकडा माझ्याच हातात फुटला. आतून राखाडी निघाला. बोटानं चोळला तर खरखरीत. मधे कोळशाचे बारके कण आणि भांडी घासायच्या काथ्याचे धागे.

ती राख माझी होती. मला डोळे मिटून ओळखता आली असती, रोज दोन वेळा मी तिनंच भांडी घासते. घासून झालं की राख टोपलीत भरून उकिरड्यावर टाकायची, असं अव्वानं शंभरदा सांगितलेलं. पण उकिरडा गल्लीच्या टोकाला, आणि शाळेची पहिली घंटा व्हायच्या बेताला. मग मी दोन घागरी ओतायचे आणि राख मोरीतून ढकलून द्यायचे. रोज. शाळा चुकू नये म्हणून.

मूठ मिटली असती तर कुणाला कळलं नसतं. मामा मान खाली घालून उभा होता, त्याला वाटलं सगळं त्याचंच आहे. पण आठ दिवसांनी नाली पुन्हा तुंबलीच असती, आणि तेव्हा मी गावाबाहेर बादल्या नेत असते.

"अप्पा," मी म्हणाले, "आत राख हाय. आपली. मीच टाकत होते."

अप्पांचा चेहरा उतरला. कासामामी खदखदून हसली. "म्हंजे शीत न्हाई टाकलं, चूल टाकली!"

सटवाजीमामानं मात्र तो तुकडा माझ्या हातून घेतला, त्याच घाणीत बोटं घालून मोडून पाहिला. "नुसती राख वाहून गेली असती, अप्पा," तो म्हणाला. "माझ्या खळीनं धरली तिला. भिंत झाली निब्बर. पोरीच्या एकटीचं न्हाई हे."

"राख मी उकिरड्यावर टाकते," मी म्हणाले. "पहाटे उठून टाकते. खळीचं पानी मामा नालीत सोडणार न्हाईत. पर शाळंला मी जानार."

"आधी हात धू," अप्पा म्हणाले. "बघू मग."

"बघू न्हाई. हो का न्हाई, सांगा."

मी एक पाऊल पुढं टाकलं. कोपरावरून ठिबकत होतं. अप्पा एक पाऊल मागं सरले. आतल्या खोलीत गिऱ्हाइकं पाटावर येऊन बसायला लागली होती आणि मी नेमकी दारात उभी होते, त्या हातासकट.

"जा बाई, जा शाळंला!" अप्पा नाक दाबून म्हणाले. "पर दारातून हल!"

मी चिकणमातीनं हात धुतला, मग शिकेकाईनं, मग लिंबानं. वास गेला नाही, नखांत बसला होता. सोमवारी बाकावरच्या तिघी पोरी एकमेकींकडं बघून दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. मी ऐसपैस सरकून बसले, वही उघडली, आणि गुरुजींनी पहिला प्रश्न विचारला तेव्हा हात वर केला. पुढच्या रांगेतला एकजण शिंकला.