गोदूबाईनं नाव घेतलं

या, जवळ सरका. सतरंजीवर जागा आहे, आणि बुवांना यायला अजून अवकाश आहे. तोवर एक गोष्ट सांगतो. बुवा कीर्तनात उठताबसता सांगतात, नाव घ्या, नाव घ्या. ही गोष्ट नाव न घेणाऱ्या बाईची.

आमच्या वळ गावातली गोदूबाई. नवऱ्याचं नाव नानू. लग्नात उखाण्यातून घेतलं असेल तेवढंच. पुढे नाव तर सोडाच, नावासारखा वाजणारा शब्दही तिनं ओठांवर आणला नाही. नाण्यांना चिल्लर म्हणते, नानकटाईला ‘बेकरीतली गोल बिस्किटं’. नानू बिचारा जन्मभर मागे लागलेला, एकदा हाक मार गो. तर म्हणायची, देवाचं घेते तेवढं पुरं न्हाय का?

गेल्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. ऑपरेशन झालं, सलाईनमधून औषध सुरू झालं आणि पहिल्याच वेळी अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला. कशीबशी वाचली. मग जागृती डॉक्टरीणबाईंनी समजावलं, औषध चांगलंच आहे, पण ते ज्या द्रवात विरघळवतात तो तुम्हाला सोसत नाही. आता दुसऱ्या तऱ्हेचं देऊ. त्यात तो द्रवच नाही. औषधाचे डोळ्यांना न दिसणारे कण प्रथिनात गुंडाळलेले असतात. आणि बजावलं, सलाईन लावायला कोणीही येवो, आपल्या तोंडानं सांगायचं, साधं नको, मला नॅनो.

नॅनो म्हटल्याबरोबर नानूला असं हसू फुटलं की खुर्ची करकरली. गोदूबाईनं कपाळाला हात लावला.

पुढच्या खेपेला स्नेहा नावाची नवी नर्स आली. कागद तिच्या हातात होताच, तरी नेमाप्रमाणे विचारलं, मावशी, औषध कोणतं? गोदूबाई म्हणाली, “ते.”

“ते म्हणजे?”

“आमच्या घरातलं.”

घरातलं औषध इथे चालत नाही, असं स्नेहानं समजावलं. गोदूबाईनं निमूट नवऱ्याकडे बोट दाखवलं. स्नेहानं नानूला विचारलं, बाबा, तुम्ही सांगता का?

नानू कसला सांगतो? इतक्या वर्षांनी देवानं संधी दिली होती. “मी काय सांगणार पोरी, मी साधा माणूस,” म्हणाला आणि अख्खी नानकटाई तोंडात टाकली.

“बरं, साधं,” म्हणत स्नेहा वळली.

नानूचं हसू तिथंच वाळलं. ओरडायला गेला तर तोंडातून भुगाच उडाला. आणि गोदूबाईला तो कोंडलेला श्वास आठवला. तिनं स्नेहाची बाही घट्ट धरली, डोक्यावर पदर घेतला आणि अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल असं म्हणाली,

“वज्रेश्वरीच्या कुंडात ऊन ऊन पाणी,
नॅनोच लाव पोरी, मी नानूरावांची राणी.”

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं सलाईन लावलेल्या हातानं टाळी दिली. स्नेहा हसत हसत पिशवी घेऊन आली, लेबल मोठ्यानं वाचून दाखवलं आणि नॅनोच लावलं. थेंब पडू लागले. श्वास काही कोंडला नाही. नानू डोळे पुसत म्हणाला, परत एकदा घे ना.

“पुढच्या सलाईनला,” ती म्हणाली.

अजून बरीच बाकी आहेत हो तिची. ते बघा, बुवा आलेच. टाळ वाजले की देवाचं नाव घ्याल, तेव्हा मधेच एकदा गोदूबाईचंही घ्या. तिच्या नावाला कसलीच बंदी नाही.