पवळ्याची घुंगरमाळ

नत्थूजीचा पवळ्या मेला तेव्हा अर्धं रोहणा गाव गोठ्यापुढं जमलं. काल वखराला चाललेला बैल आज पाय ताणून पडला होता, नाकातून काळं रक्त. लोक म्हणाले, फऱ्या झाला असंल. ढोरायच्या डॉक्टरनं मात्र कानातलं थेंबभर रक्त काचेवर घेतलं, आर्वीला जाऊन पाहिलं आणि संध्याकाळी परत आला.

"फऱ्या नाही, नत्थूजी. फाशी आहे, माणसाला झाली तर तिला काळपुळी म्हणतात. दोन्ही जंतू बी धरणारेच, पण घराणी वेगळी. फऱ्याच्याला हवा सोसत नाही. फाशीच्याला हवा लागली की तो बी धरतो, आणि ते बी वर्षानुवर्षं मरत नाही. बैल फाडू नका, चुना टाकून खोल पुरा. दावं, वेसण, अंगाला लागलेलं सगळं जाळा."

नत्थूजीनं सगळं जाळलं. गळ्यातली घुंगरमाळ तेवढी जाळवली नाही. चामडी पट्ट्यावरची पितळी घुंगरं वाजली की पवळ्या कसा मान डोलवायचा!

"जाळलं ना सगळं?" त्याच्या बायकोनं, भागीरथानं विचारलं.

"जाळलं वं," तो म्हणाला. बायकोशी कधी खोटं न बोललेला माणूस बैलापायी बोलला. माळ ज्वारीच्या कोठीमागं गेली.

बरीच वर्षं लोटली. चौऱ्याऐंशीच्या पोळ्याआधी घर झाडता झाडता ती भागीरथाच्या हाती लागली. रागवावं की हसावं, तिला कळेना. "पाहा बाप्पा, बुढ्यानं मले फसवलं!" म्हणत हसलीच ती. पट्टा उसवला होता. नवऱ्याला न सांगता तिनं दाभण घेऊन तो शिवला. दाभण बोटात शिरलं, तिनं बोट चोखलं आणि पुन्हा शिवायला लागली.

पोळ्याला तिनं शिवलेली माळ पुढं केली आणि नत्थूजी लेकरासारखा रडला. नव्या गोऱ्ह्याच्या गळ्यात त्यानं ती बांधली. गोऱ्ह्याला फाशीची लस टोचलेली होती. बाईला कोण टोचते?

भागीरथाच्या बोटावर पुळी आली, मधून काळी पडली.

"दवाखान्यात चाल," नत्थूजी म्हणाला.

"दुखत नाई ना जी, मंग काऊन जाऊ?"

हात खांद्यापर्यंत सुजला, ताप चढला, तेव्हा आर्वीला नेलं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "मेलेल्या जनावराचं चामडं हाताळलं होतं का?"

"नाई जी. एवढ्यात आमचं ढोर मेलं नाई," नत्थूजी म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. पवळ्याची माळ म्हणजे मेल्या ढोराचं चामडं, हे त्या भोळ्याच्या डोक्यात येणार तरी कसं! किडा चावला असेल म्हणून मलम मिळालं.

मलमानं उतार पडेना, तेव्हा वर्ध्याला नेलं. तिथल्या डॉक्टरनं पुळीतलं पाणी काचेवर तपासलं. "फाशीचा जंतू आहे. हिला कुठून लागला?"

नत्थूजीनं तिच्या काळ्या पडलेल्या बोटाकडं पाहिलं. "माळ... माळ शिवली जी तिनं, पवळ्याची."

"आधी सांगायचं होतं हो! वेळेवर पेनिसिलिन मिळालं असतं तर वाचली असती."

दुसऱ्या दिवशी भागीरथा गेली.

तिची माती करून नत्थूजी घरी आला. गोऱ्ह्याच्या गळ्यातली माळ काढून त्यानं आंगणात पेटवली. पट्टा जळत गेला तशी घुंगरं खाली पडून वाजली, आणि गोऱ्ह्यानं मान वर केली. नत्थूजी रिकाम्या घराकडं तोंड करून रडत म्हणाला, "जाळलं वं, भागीरथे. आता सगळं जाळलं."